जगदाळेकाकींचा सोलर

जगदाळेकाकींकडे पहिल्यांदा गेलेल्या माणसाला आधी त्यांची पाठ दिसायची. मलाही पाठच दिसली. लग्न होऊन मी कोल्हापूरहून बडोद्याला आले, दांडिया बाजारातल्या एका गल्लीत आमचं बिऱ्हाड लागलं आणि दुसऱ्या दिवशी मी समोरच्या घरी विरजण मागायला गेले. दारात एक उंच, सडसडीत बाई उभी. मी नाव सांगायला लागले तशी ती गर्रकन वळली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "हं, आता बोल."

मी घाबरले. पण विरजण तर हवं होतं. म्हणून त्यांच्या अंबाड्याकडे बघत मी सांगितलं, की आम्ही समोर राहायला आलोय, यांची बदली झालीय, दूध तापवून ठेवलंय. माझं बोलणं संपल्यावर बाई वळली. चेहरा आता अगदी मोकळा.

"खरं बोलतेस. ये आत. वाटी आणलीस का?"

काकी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल जोडायचे आणि लाइन नीट लागली की नाही हे घटकाभर ऐकायचं, हे त्यांचं काम. त्या घटकाभरात त्यांनी आयुष्यभर माणसं ऐकली. मुंबईला पैसे पाठवतो सांगणारे, आई बरी आहे सांगणारे, आज निघतोच म्हणणारे. चेहरा कुणाचाच दिसायचा नाही. "तोंड बघितलं की आपण फसतो," त्या म्हणायच्या. "तोंडाला सवय असते हसायची. आवाजाला नसते." पुढे घरोघरी थेट फोन लागायला लागले, ट्रंक कॉल संपले, आणि काकींनी मुदतीआधीच नोकरी सोडली. कान मात्र कामावरच राहिला.

तो भाजीवाल्यावर चालायचा, दूधवाल्यावर चालायचा, गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यावर तर फारच. आणि बाहेर तेव्हा दिवसही असे आले होते, की त्या कानाला क्षणाची उसंत नव्हती. रोज दारावर नवा माणूस. कुणी हप्त्यावर रंगीत टीव्ही देतोय, कुणी सागाची झाडं लावून वीस वर्षांत लखपती करतोय, कुणी पाणी गाळायचं यंत्र घेऊन उभा. काकी प्रत्येकाला आत घ्यायच्या, पाठ करायच्या, पूर्ण ऐकून घ्यायच्या आणि "आवजो" म्हणून दार लावायच्या.

त्या नुसत्याच संशयी असत्या तर गल्लीने त्यांना केव्हाच वेड्यात काढलं असतं. पण त्यांचं अधूनमधून खरं निघायचं. एकदा लाइटबिल जास्त आलं म्हणून त्यांनी घरातलं झाडून सगळं बंद केलं आणि मीटरसमोर पाट मांडून बसल्या. मीटरची चकती फिरतच होती. हळूहळू, पण फिरत होती. यजमान हयात होते तेव्हा. ते म्हणाले, जुनं मीटर आहे, असं होतं. काकींनी मेन स्विच खाली ओढला. त्याबरोबर शेजारच्या शिवणकामाच्या दुकानातलं मोटारीचं मशीन बंद पडलं आणि आतून आवाज आला, "अरे, लाइट गई!" काकी भांडल्या नाहीत. रोज दुपारी, ऐन कामाच्या वेळी, तो स्विच खाली ओढायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी टेलर येऊन आपली वायर काढून घेऊन गेला. तेव्हापासून काकींना कुणी "असं होतं" म्हणून गप्प करू शकलं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी नीता. तिने भावेशशी लग्न ठरवलं तेव्हा गल्लीला वाटलं, मुलगा गुजराती म्हणून काकी अडून बसतील. ते कारणच नव्हतं. त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सुधा, तू त्याला ऐकलंस का गं? वाक्य संपता संपता आवाज वर जातो. विकणाऱ्याचा आवाज आहे तो."

भावेश विकतच होता. त्याने आणि किरीटभाई नावाच्या भागीदाराने वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड भाड्याने घेतली होती आणि तिथे ते सोलर बनवायचे. उन्हावर पाणी तापवायचं यंत्र. काचेची काळी पेटी, तिच्या डोक्यावर टाकी. माल आणणं, टाक्या बनवून घेणं किरीटभाईंकडे. घरोघरी जाऊन पटवणं आणि अगाशीवर बसवणं भावेशकडे. त्याचं एक वाक्य पाठ होतं. "पाच वर्षांत पैसे वसूल, काकी, मग पंधरा वर्षं गरम पाणी फुकट."

"फुकट," काकी भिंतीकडे बघत म्हणायच्या. "पुन्हा म्हण."

"फुकट."

"बघ, वर गेला."

लग्न झालं. पहिल्या दिवाळीला भावेशने सासूला सोलर भेट द्यायचं ठरवलं. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आला आणि काकींनी तो परत पाठवला. भेट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार करता येत नाही, म्हणून. पुढे महिन्याभराने त्यांनी स्वतः त्याला बोलावलं, पुऱ्या किमतीचे पैसे हातात ठेवले आणि पावती मागितली. नीता रडवेली झाली. भावेश हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

"आता हा घरचा सौदा नाही," काकी म्हणाल्या. "मी गिऱ्हाईक आहे. पाच वर्षं मी बघणार. ढग आले तर?"

"गीझर आहेच की, काकी. पण बडोद्याला ऊन केवढा पडतो!"

"पडतं. ऊन पडतं. आणि उत्तरायणला काच फुटली तर?"

भावेशने काचेची हमी घेतली, तरी काकींचं समाधान झालं नाही. उत्तरायणला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, साऱ्या बडोद्याबरोबर आमची गल्लीही पतंग उडवायला अगाशीवर चढते. पोरं या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या मारतात, पतंगामागे धावताना कुणाचं कुठे लक्ष नसतं. त्या सणाला काकी सोलरशेजारी खुर्ची टाकून, हातात धुण्याची काठी घेऊन दिवसभर बसल्या. उंधियोची ताटली मी तिथेच नेऊन दिली. कुणी पोरगा पेटीजवळ आला की काठी आडवी व्हायची. पतंग मात्र त्यांनी सगळे पाहिले, आणि कोण कुणाचा मांजा चोरतंय तेही.

खरं सांगायचं तर सोलर चालला. सकाळी नळाला कढत पाणी यायचं. काकी तरीही बोटाने, मग कोपराने, मग वाफ बघून खात्री करायच्या. गीझर लावायची गरज उरली नाही, बिल उतरलं. काकींनी कधी "चांगला आहे" म्हटलं नाही. पण ज्या बाई टेलरची वायर शोधून काढतात त्यांनी सोलर काढून टाकला नाही, एवढं गल्लीला पुरेसं होतं. आम्ही घेतला. मग रावपुऱ्यातल्या आमच्या ओळखीच्या दोन-तीन घरांनी घेतला. भावेश गमतीने म्हणायचा, "माझा सगळा धंदा काकींच्या न बोलण्यावर चालतो."

तिसऱ्या वर्षी काकींच्या नळाला तांबूस पाणी आलं.

आधी थोडं, मग बादलीच्या तळाशी गंज बसेल इतकं. टाकीखालच्या फरशीवर ओल दिसायला लागली. भावेश येऊन बघून गेला. बोअरचं पाणी जड आहे, म्हणाला, क्षार असतात, त्याने होतं. काकींनी पाठ करून सगळं ऐकलं.

दुपारी मला हाक आली. काकी फोनपाशी बसल्या होत्या. "साक्षीला बस," म्हणाल्या, आणि किरीटभाईंना फोन लावला. आधी त्यांच्या घरच्यांची चौकशी केली, मग सहज विचारावं तसं विचारलं, "टाकी स्टेनलेसचीच ना हो?"

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "एकदम पाकुं, बेन! बेस्ट माल!"

त्यांनी पुन्हा इकडचं तिकडचं काढलं. थोड्या वेळाने, "पत्रा कुठून आणता?" पलीकडे हसू. मग, "सगळ्या टाक्यांना एकच पत्रा?" पुन्हा हसू, आणि त्यामागून खोकला. काकींनी रिसीव्हर ठेवला.

"उत्तराआधी हसतो," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, जणू स्वतःलाच पटवत असल्यासारखं म्हणाल्या, "भावेश खोटं बोलत नव्हता गं. मी नीट ऐकलं. त्याला माहीतच नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं आणि लगेच गेलं. जावई लबाड नाही हे त्यांना आत्ता, तीन वर्षांनी, कळलं होतं. आणि लबाड नाही म्हणजे फसलेला आहे, हेही त्याच घटकेला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि न कळवता एस.टी.ने वाघोडियाला निघाल्या. स्टीलची भांडी घेताना बायका चुंबक लावून बघतात, तसलं एक चुंबक त्यांच्या पिशवीत होतं; चोख स्टीलला ते चिकटत नाही. शेडमध्ये दोन्ही भागीदार होते. भावेश चकित होऊन पुढे आला, "काकी, तुम्ही? फोन करायचा ना!" काकी त्याला बाजूला सारून थेट कोपऱ्यात गेल्या. तिथे नव्या टाक्या उभ्या होत्या, वरचं आवरण चढायच्या आधीच्या, उघड्या. त्यांनी पहिल्या टाकीला चुंबक लावलं. घसरून खाली पडलं. दुसरीला लावलं. पडलं. किरीटभाई हसले. तिसरीला लावलं आणि ते चटकन चिकटलं. चौथीलाही.

काकींनी हात काढून घेतला. चुंबक टाकीवर तसंच राहिलं.

भावेश आधी चुंबकाकडे बघत राहिला, मग किरीटभाईंकडे. किरीटभाईंनी नाकारलं नाही. उलट समजावणीच्या सुरात, अर्धं गुजरातीत अर्धं हिंदीत सांगायला लागले, की पत्र्याचे भाव काय झालेत, सगळेच असं करतात, निम्म्या टाक्या तर चोखच देतो, बाकीच्यांत थोडं मिसळलं तर काय बिघडलं. शेवटी म्हणाले, "अरे, पाच वर्षं चालली म्हणजे बस. गिऱ्हाईकाचे पैसे वसूल झाले की तो बोलत नाही."

"माझी तीन वर्षांत गेली," काकी म्हणाल्या.

भावेश पत्र्याच्या थप्पीवर बसला. परतीच्या बसमध्ये काकी खिडकीबाहेर बघत होत्या. एकदाच म्हणाल्या, "त्याच्या लग्नात मी त्याला धड आशीर्वादही दिला नव्हता."

किरीटभाई आठवड्याभरात वेगळे झाले, निम्मी यंत्रं घेऊन गेले आणि दुसऱ्या नावाने तोच धंदा सुरू केला. मागे राहिला भावेश, रिकामी शेड आणि बडोद्यातल्या कुणाकुणाच्या अगाशीवर, वरून सारख्याच दिसणाऱ्या, पण आतून कोणती चोख आणि कोणती खोटी हे बाहेरून न कळणाऱ्या टाक्या. नीताचं म्हणणं, गप्प बसावं. ज्याची गळेल तो येईल, तेव्हा बघू. ती पोटुशी होती, तिची भीती खोटी नव्हती. भावेश दोन दिवस जेवला नाही. मग सासूकडे आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "काकी, मी सगळ्यांकडे जाऊन सांगणार. पण लोक म्हणतील, हाच चोर आहे."

"म्हणतील," काकी म्हणाल्या. "मीही म्हटलं असतं. थांब, चपला घालते."

त्याच्या स्कूटरवर मागे बसून त्या निघाल्या. सगळ्यात आधी आमच्याकडे आल्या, समोरच्याच घरी, पण रीतसर घंटा वाजवून. मी दार उघडलं तर दोघं परक्यासारखी उभी.

"सुधा, मी याची सासू," काकी म्हणाल्या. मला हसू येईना. "याने तुम्हाला दिलेली टाकी वाईट असू शकते. तपासून देईल. वाईट निघाली तर बदलून देईल. वेळ लागेल. पैसे मागणार नाही."

भावेश मान खाली घालून उभा होता. "माझा चूक झाला, मावशी," तो म्हणाला. त्याचं मराठी घाईत असलं की असंच मोडायचं. काकींनी त्या दिवशी ते सुधारलं नाही.

मग ती दोघं घरोघरी गेली. रावपुऱ्यात एक वकील राहायचे, जुने, फटकळ. त्यांच्या घरी काय झालं ते त्यांच्याच सूनबाईंनी मला सांगितलं. वकिलांनी भावेशला वरपासून खालपर्यंत सोललं, फिर्याद करीन म्हणाले. काकी ऐकत राहिल्या. शेवटी वकील त्यांच्याकडे वळले. "बाई, तुम्ही शहाण्या दिसता. तुमचा या माणसावर भरवसा आहे?"

"भरवसा नाही," काकी म्हणाल्या. "लक्ष आहे."

वकील आत वळून म्हणाले, "चहा टाका."

गावाला जगदाळेकाकी माहीत होत्या. ही बाई कुणाचंही खरं मानत नाही, जावयाचंही मानत नाही, आणि तरी त्याच्याबरोबर उन्हातान्हात फिरतेय. म्हणजे यात काहीतरी असलं पाहिजे, असा हिशेब लोकांनी आपापल्या मनात केला असावा. काही घरांनी हाकलून दिलं. एका ठिकाणी भावेशची कॉलर धरली गेली आणि काकी मध्ये पडल्या. पण बरीचशी माणसं थांबली. भावेश दिवसा दुसऱ्या कारखान्यात नोकरी करायचा आणि सुटीच्या दिवशी अगाशांवर चढून टाक्या बदलायचा. त्याला कितीतरी वर्षं लागली. या मधल्या काळात नीताला मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली.

काकींची टाकी सगळ्यांच्या शेवटी बदलली. तसा त्यांचाच हुकूम होता. तोवर त्या पुन्हा गीझरवर आल्या होत्या आणि बिलाबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. नवी टाकी बसली त्या संध्याकाळी भावेशने धीर करून विचारलं, "काकी, तुमचे पैसे वसूल व्हायला आता किती वर्षं धरायची?"

"कुठून मोजू?" काकी म्हणाल्या. "पहिल्या टाकीपासून की चुंबकापासून?" आणि चहा करायला आत गेल्या. कपात साखर मात्र त्याला लागते तशी, आमच्यापेक्षा दुप्पट. ती त्यांनी केव्हा लक्षात ठेवली, कुणास ठाऊक.

पुढे भावेशने पुन्हा शेड घेतली, या वेळी एकट्याने. काकींचं वय झालं तसं नीताने त्यांना आपल्या घरी नेलं, वाघोडिया रस्त्याच्या बाजूला नव्या वस्तीत. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची. मध्यंतरी गावात नवीच चर्चा सुरू झाली होती. आता उन्हावर पाणीच नाही, वीजच करायची. छतावर निळी पॅनेलं लावायची आणि उरलेली वीज सरकारला विकायची. दुकानादुकानांत तेच. कुणी म्हणे सहा वर्षांत वसूल, कुणी म्हणे आठ. भावेशलाही हे काम घ्यायचं होतं, पण लोकांना सांगायच्या आधी आपल्या छतावर लावून बघायचं, असं त्याने ठरवलं होतं.

मी गेले त्या दिवशी तेच बोलणं चाललं होतं. काकी ऐंशीच्या पलीकडे गेल्या होत्या, पलंगावर भिंतीला टेकून बसलेल्या. भावेश समोर खुर्चीवर, केस निम्मे पांढरे.

"सात वर्षं धरा," तो म्हणाला आणि एकदम थांबला. आपण कुणाला काय सांगतोय ते त्याच्या लक्षात आलं असावं. नीताने त्याच्याकडे रागाने पाहिलं.

काकी त्याच्याकडे सरळ बघत होत्या.

"सात कशावरून?"

त्याने सांगितलं. किती ऊन, किती वीज, पावसाळ्यात किती कमी, पॅनेलांवर धूळ बसली तर किती नुकसान. काकी प्रत्येक गोष्टीवर अडवत होत्या. पॅनेलं कुणी बनवली? तो कारखाना सात वर्षांनी असेल का? नसला तर दाद कुणाकडे मागायची? विजेचा दर सरकारने बदलला तर? भावेशला दोन प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत आणि त्याने तसं कबूल केलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "माझ्या पेन्शनीतले घाल त्यात. पण सगळं नीताच्या नावावर. आणि नीता, तू दर महिन्याला बिल बघायचं. हा सांगतो म्हणून सोडून द्यायचं नाही."

"हो, आई."

"सात वर्षं बघायचं."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी. थंडी सरत आली होती. मी नीताकडे पापड द्यायला गेले होते आणि जेवून निघाले. घराच्या बाजूला छतावर जायची लोखंडी शिडी लावली होती. भावेश पॅनेलांचे खांब बसवायला वर चढत होता, कामगार छतावर होते. शिडीखाली काकी उभ्या होत्या. पदर डोक्यावरून घेतलेला, पायात नीताच्या चपला. दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली होती. त्यांच्या हातात आता पाण्याचा तांब्या उचलायचीही ताकद नव्हती. त्या धरून होत्या म्हणून शिडी उभी होती असं नव्हे, आणि हे भावेशला ठाऊक होतं. तरी प्रत्येक पायरीवर तो थांबत होता आणि खाली न बघता विचारत होता, "धरलीय ना, काकी?"

"धरलीय," काकी म्हणत होत्या. "तू चढ."